बाई, कोणता खेळ घेऊ?

एप्रिलात शाळा सुटल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची जात बदलते. वर्षभर पाढे, हस्ताक्षर आणि न संपणारा डबा. सुटीत मात्र सगळ्यांना 'मोबाईल सुटेल असं काहीतरी' हवं असतं. यंदाच्या ढिगातली पाच पत्रं घेतली आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी बेळगावात वडगावला राहते. तेहतीस वर्षं मराठी शाळेत पहिली ते चौथी शिकवलं. आता दर शनिवारी माझ्या सोप्यात गल्लीतली पोरं खेळायला बसतात. शेजारी यंत्रमाग चालू असतात, त्यामुळं आमच्याकडचे सगळे खेळ ओरडूनच होतात.

प्रश्न: आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या नोकऱ्या सोडून जांबोटीजवळ शेती घेतली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. दोघांना शाळेत न घालता घरीच शिकवतो. घरात मराठी, शेतावरच्या माणसांशी कानडी, पुस्तकं बहुतेक इंग्रजी. तीन हजार रुपयांत शैक्षणिक बोर्डगेम घ्यायचे आहेत. यादी द्याल का? आणि 'पुढं परीक्षेचं काय' असं पाहुणे विचारतात, त्यांना काय सांगावं?
(एक आई, ता. खानापूर)

उत्तर: यादी नंतर. आधी माझी फसगत ऐका. सात-आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानातून साडेअकराशे रुपयांचं चकचकीत खोकं आणलं होतं. वर सोनेरी अक्षरांत 'एज्युकेशनल'. आत ढीगभर कार्डं: अमक्या देशाची राजधानी कोणती, तमका शोध कुणी लावला. फासा टाका, कार्ड उचला, उत्तर द्या. तिसऱ्या शनिवारी पोरांना कार्डं पाठ झाली आणि चौथ्या शनिवारी कुणी त्याच्याकडं बघेना. बघणार कसं? ती परीक्षाच होती, नुसता फासा जोडलेली. त्या खोक्यात आता मी बटणं ठेवते.

तेव्हापासून दुकानात गेले की मी एकच बघते: यात पोराला काही ठरवावं लागतं का? सापशिडीत नाही लागत. फासा म्हणेल तितकं जायचं, साप गिळेल तिथं उतरायचं. तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला ती चांगलीच आहे, शंभरापर्यंतचे आकडे बोटाखालून जातात. मुलीला मात्र पाच मिनिटांत जांभया येतील. आणि तुम्हालाही येतील, तेही धरून चाला. शाळेत पोराला तीस सवंगडी असतात. घरशाळेत सवंगडी तुम्हीच. तुम्हाला कंटाळा आणणारा खेळ तुमच्या घरात पंधरा दिवसही टिकायचा नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असू दे.

मुलीसाठी पहिला खेळ जवळजवळ फुकटचा. इकडं कानडीत त्याला चौकाबारा म्हणतात. फरशीवर खडूनं पाच बाय पाच अशी पंचवीस घरं आखा. चारी कडांच्या मधल्या घरांत आणि ऐन मध्यात फुली मारा. फुलीवर सोंगटी मरत नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपापल्या फुलीवरून निघतात, बाहेरच्या रांगेतून फेरा मारतात, मग आतल्या रांगेत शिरून उलट्या दिशेनं फिरतात आणि मधल्या फुलीत जाऊन बसतात. आत शिरायचं तर आधी दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारलेली हवी. आमच्याकडं सोंगट्या म्हणजे मागाच्या रिकाम्या कांड्यांचे तुकडे, वर रंगीत सूत गुंडाळलेले. फासा म्हणजे चार कवड्या; त्या पूजासाहित्याच्या दुकानात मिळतात. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं, चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा एकदा टाकायचं.

यातलं गणित शिकवावं लागत नाही, ते वर येतं. गेल्या वर्षी चौथीतल्या एका पोरीनं वैतागून विचारलं, "बाई, सारखे दोनच का पडतात हो?" मी काही सांगितलं नाही, वहीचं पान दिलं. तिनं पाच रकाने आखले: एक, दोन, तीन, चार, आठ. प्रत्येक टाक्याला एक रेघ. दोनचा रकाना भरत चालला आणि चार-आठचे रकाने हाडकुळेच राहिले. मग आम्ही चार कवड्यांना चार रंगांचे ठिपके लावले आणि त्या किती तऱ्हांनी पडू शकतात ते लिहून काढलं. प्रत्येक कवडी दोन तऱ्हांनी पडते, म्हणून सगळ्या मिळून सोळा तऱ्हा. त्यातल्या सहांत दोन येतात, एकाच्या चार, तीनच्या चार, चारची एक आणि आठची एक. पान पुरं झाल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजे माझी सोंगटी दुसऱ्याच्या फुडं दोन घरांवर ठेवायचीच न्हाई की!" सोळा तऱ्हा मोजून तिनं स्वतःचा डाव सुधारला. कवडी नाण्यासारखी दोन्हीकडून सारखी नसते, त्यामुळं वहीतल्या रेघा हिशेबाशी तंतोतंत जुळल्या नाहीत. त्या का जुळल्या नाहीत, यावर आणखी एक शनिवार गेला.

आणि कानडी? सोंगटी सरकवताना मोजणी कानडीत करायची: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आठ पडले तर 'एंटु' असं ओरडायचं. मराठीत मोजलं तर सोंगटी परत जागेवर. शेतावर काम करणाऱ्या मावशींना दुपारी एक डाव खेळायला बसवा. त्यांच्या गावात या खेळाला काय म्हणतात ते मुलीला विचारू दे. नाव आणि एखादा नियम वेगळा निघेल, घरं हीच असतील. भाषेच्या पुस्तकाला हे जमत नाही. हरायला आलेला माणूस जी कानडी बोलतो ती पुस्तकात नसते.

विकत एकच घ्या, ब्लोकस. त्यात वाचायला एक अक्षर नाही, म्हणून तीन भाषांच्या घरात भांडण नाही. वीस बाय वीसचा पट, प्रत्येक रंगाचे एकवीस तुकडे, एक चौकोनापासून पाच चौकोनांपर्यंतचे. आपल्या रंगाचा तुकडा आपल्याच तुकड्याला कोपऱ्यानं टेकला पाहिजे, कडेनं टेकता कामा नये. एवढाच नियम. पाच वर्षांचा मुलगाही तुकडे लावत बसेल, आणि तुम्हाला रात्री दोघं झोपल्यावर खेळावंसं वाटेल. पण खोकं उघडण्याआधी मुलीला चौकटीची वही द्या आणि विचारा: पाच चौकोन कडेला कड लावून किती वेगवेगळे आकार होतात? फिरवलेला आणि उलटा केलेला आकार तोच धरायचा. बारा होतात. ती नऊ-दहापर्यंत पटकन पोचेल आणि मग अडेल. अडू द्या. खोक्यात बाराही आहेत हे तिला आधी सांगू नका.

रेल्वेमार्ग जोडण्याचा 'तिकीट टू राईड' हा २००४ चा खेळ मलाही आवडतो, पण तुमचं सगळं बजेट त्या एकातच जायचं. त्यापेक्षा मुलीला आपल्या लाईनीचा पट करू दे. बेळगाव, देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा; तिथून एक फाटा कॅसलरॉक, दूधसागर करत कुळेला उतरतो. नियम तिनंच करायचे. पहिले चार नियम मोडतील, घाटात गाडी अडकेल, धाकटा रडेल. पाचव्या वेळी खेळ होईल.

पाहुण्यांना एवढं सांगा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं त्याचं दहावं कलम म्हणतं; न घालणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र त्या कायद्यात नाही, आणि घरशाळेची वेगळी तरतूदही नाही. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था आहे. तिच्याकडं तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीच्या तोडीची परीक्षा देता येते. तोवर अवकाश आहे. पाहुण्यांना चहा द्या आणि ब्लोकसला बसवा.

प्रश्न: माझा नातू इंग्रजी माध्यमात पाचवीला आहे. मराठी छान बोलतो, पण वाचायला दिलं की पळतो. मी त्याच्याशी इंग्रजी स्क्रॅबल खेळतो आणि दर वेळी हरतो. मराठीत असं काही आहे का?
(एक आजोबा, निपाणी)

उत्तर: आजोबा, तयार खोकं शोधत बसू नका, दोघं मिळून करा. स्क्रॅबल करणारे आल्फ्रेड बट्स हे वास्तुविशारद. १९३० च्या मंदीत हाताला काम नव्हतं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजली आणि त्या प्रमाणात सोंगट्या ठरवल्या. म्हणून शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत आणि क्यू, झेड एकेकच. तुमच्याकडं रोजचा पेपर येतच असेल. नातवाला एका बातमीतली अक्षरं मोजायला सांगा. पळणारा पोरगा मोजायला बसतो, कारण मोजणं म्हणजे वाचणं नव्हे असं त्याला वाटतं.

अडचण आपल्या मात्रांची आहे. क, का, कि, की अशा बाराखडीभर सोंगट्या केल्या तर पोतं लागेल. आमच्या सोप्यात नियम असा: सोंगटीवर नुसतं अक्षर, मात्रा फुकट. 'क' ठेवला की तो आडव्या शब्दात 'का' आणि उभ्या शब्दात 'कु' होऊ शकतो, फक्त लावणाऱ्यानं शब्द मोठ्यानं म्हणायचा. जोडाक्षराला दोन सोंगट्या, एकीवर एक. अनुस्वारही फुकट. नाहीतर आमची पोरं अर्धा तास टिंबावरून भांडतात. लग्नपत्रिकांचे जाड कागद यासाठी फार चांगले. या भागात प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतोच. ङ आणि ञ यांच्या सोंगट्या करू नका, तुमच्या मोजणीत त्यांच्या वाट्याला बहुधा भोपळाच येईल. ळ मात्र हवाच. तो कानडीतही आहे, हे नातवाला कानडीच्या तासाला उपयोगी पडेल.

गुण किती द्यायचे ते मोजणीवरून नातवाला ठरवू द्या. आणि आता हरू नका. पाचवीतल्या पोराला आजोबा मुद्दाम हरलेले लगेच कळतात.

प्रश्न: सहा वर्षांची मुलगी हरायला लागली की पट उधळते. काल कॅरमची सोंगटी भावाला लागली. तो दीड वर्षाचा आहे. खेळच बंद करावेत का?
(एक आई, शहापूर)

उत्तर: बंद नको. पण आधी धाकट्याचं बघू. दीड वर्षाचं मूल घरात रांगत-चालत असताना कवड्या, चिंचोके, सागरगोटे, लहान सोंगट्या जमिनीवर नकोतच. त्या घशात अडकतात. मोठीचा खेळ टेबलावर, आणि उठण्याआधी सगळं मोजून डब्यात. विकतची खेळणी घेताना आयएसआयची खूण बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे.

आता मोठी. सहाव्या वर्षी हरणं पोटात दुखल्यासारखं दुखतं. तिला काही दिवस असा खेळ द्या, ज्यात सगळे एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला. जर्मनीत १९८६ साली 'ऑर्चर्ड' नावाचा असा खेळ निघाला: सगळ्यांनी मिळून झाडावरची फळं उतरवायची, कावळा यायच्या आत. आम्ही कावळ्याऐवजी माकड केलंय, इथं तेच खरं. गोकाकची रंगवलेली फळं घरात असतील तर तीच घ्या, नाहीतर कागदाची कापा. चार रंगांची, प्रत्येकी पाच. लुडोच्या फाशाच्या चार बाजूंना चार रंगांचे कागद चिकटवा, पाचवीवर टोपली, सहावीवर माकड. रंग पडला की त्या रंगाचं एक फळ उतरवायचं, टोपली पडली की हवी ती दोन. माकड पडलं की ते एक पायरी वर. सहा पायऱ्या झाल्या की बाग त्याची. टोपली पडल्यावर कुठली दोन उतरवायची, यावर आई-मुलीची कुजबुज होते. खेळ तिथंच आहे. माकड जिंकलं की आमची पोरं सगळी मिळून माकडाला शिव्या देतात, एकमेकांना नाही.

महिनाभरानं वाघ-बकरी काढा: तीन वाघ, पंधरा बकऱ्या. एक डाव ती वाघ, पुढचा बकऱ्या. बाजू बदलायची असते हे आधीच ठरलेलं असलं की हात पटाकडं जरा कमी जातो. कॅरम मात्र सध्या कपाटावर.

प्रश्न: मुलाचं गणित कच्चं आहे. बुद्धिबळाचा क्लास लावला तर सुधारेल, असं सगळे म्हणतात. लावू का?
(एक बाबा, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: बुद्धिबळ आवडत असेल तर लावा. गणितासाठी लावू नका. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत हे तपासलं होतं, काही शाळांत वर्गातच बुद्धिबळ शिकवलं, काहींत नाही. २०१६ साली निकाल आला: वर्षभरानंतर दोन्हीकडच्या मुलांच्या गणितात फरक दिसला नाही. क्लासच्या फीऐवजी त्याच्याशी रोज वीस मिनिटं 'व्यापार' खेळा आणि बँक त्याच्याकडं द्या. दोन हजारांची नोट मोडून एकशे ऐंशीचं भाडं घेणं त्याला रोज करावं लागेल. त्या खेळाचं मूळ घरमालकांवरची टीका होतं, हे त्याला सांगा. लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. भाडं वसूल करणारा एकटा कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना दिसावं म्हणून. लोकांनी तो गब्बर व्हायचा खेळ म्हणून उचलला.

प्रश्न: मी मराठी शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात अडतीस मुलं. खेळातून शिकवा असं प्रशिक्षणात सांगतात, पण एकाही खेळण्याला पैसे नाहीत.
(एक शिक्षिका, ता. हुक्केरी)

उत्तर: बाई, माझीही नोकरी अशीच गेली. तुम्हाला अंड्यांचे दहा ट्रे आणि चिंचोके हवेत. बाकी काही नको.

अळगुळी मणे तुमच्या गावात कुणाच्या तरी माळ्यावर असेल, सात-सात खळग्यांच्या दोन ओळींचा लाकडी पाट. तोच आपण ट्रेचा करायचा. ट्रे तीस खळग्यांचा, पाच बाय सहा. सहा-सहाच्या दोन ओळी एकत्र कापा, म्हणजे बारा खळगे झाले. तशाच आणखी दोन ओळी कापा. सहाची एक ओळ उरली. तिच्यातून दोन-दोन खळग्यांचे दोन तुकडे काढा आणि दोन्ही पाटांच्या टोकाला दाभणानं शिवा. एका ट्रेमधून दोन पाट, दोन खळगे शिल्लक. त्यांत खडू ठेवा. अडतीस मुलांच्या एकोणीस जोड्या, म्हणजे दहा ट्रे पुरतात. हे गणितही मुलांकडूनच करून घ्या, मी उगाच करून दिलं.

प्रत्येक खळग्यात पाच चिंचोके, एका पाटाला सत्तर. आपल्या ओळीतला कुठलाही खळगा उचला आणि पुढच्या प्रत्येक खळग्यात एकेक पेरत चला. हातातले संपले की पुढचा खळगा उचलून पेरणी चालू. पुढचा रिकामा निघाला तर त्याच्या पलीकडच्या खळग्यातले चिंचोके आपले, आणि पाळी दुसऱ्याची. चार-पाच डाव झाले की मुलं उचलण्याआधीच डोळ्यांनी मोजायला लागतात: इथून उचलले तर शेवटचा कुठं पडेल? तिसरीच्या पोराची अशी मान हलताना दिसली की समजा, तो मनात बेरीज करतोय. त्या वेळी काही विचारू नका.

डाव संपल्यावर चिंचोके दहा-दहाच्या ढिगांनी मोजायचे. सत्तर भरले नाहीत तर जोडीनं दप्तराखाली शोधायचं. माझ्या वर्गात दशक-एकक सगळ्यांत लवकर इथंच पक्कं झालं.

ट्रे दोन दिवस कडक उन्हात ठेवा, नाहीतर मुंग्या लागतात. आणि चिंचोके कच्चेच आणा. मी पहिल्या वर्षी भाजलेले आणले होते, शुक्रवारपर्यंत पोरांनी अर्धे खाल्ले.